केकड्याच्या खिडक्या

सुमारच्या गाडीचं वय खुद्द सुमारलाही ठाऊक नव्हतं. कुठल्याशा मोठ्या लढाईतली ती सहा चाकांची लष्करी गाडी. लढाई संपली, गाडी भंगारात निघाली, आणि कुणीतरी तिच्या पाठीवर पत्र्याचा डबा ठोकून तिला सिंधमधल्या थरच्या वाळवंटात सोडून दिली. तिकडे अशा गाडीला केकडो म्हणतात, म्हणजे आपला खेकडाच. वाळूच्या टेकडीवर ती सरळ कधी चढायची नाही. तिरपी व्हायची, घसरायची, पुन्हा तिरपी व्हायची आणि ड्रायव्हरनं आशा सोडली की वर पोचायची. मोरांजो तड हे गाव आणि जग यांच्यामध्ये तेवढीच एक वस्तू होती. बाजरी, मीठ, रॉकेल, नव्या नवऱ्या, आजारी म्हातारे, सगळं तिच्यातूनच जायचं-यायचं. बायका आत डब्यात, पुरुष टपावर आणि शेळ्या जिथे मावतील तिथे.

डब्याला खिडकी नव्हती. दोन्ही बाजूंना फळ्यांची बाकं, मागे ताडपत्रीचा पडदा, आत अंधार आणि घामाचा वास. त्या फळ्यांवर बसून तालुक्याला जाऊन आलेली बाई पुढचे दोन दिवस पालथी झोपते असं गावात म्हणत, आणि ती काही नुसती थट्टा नव्हती.

तेव्हा सुमारनं डबा आतून नवा करायचं ठरवलं, त्याचं कारण गावाला पटण्यासारखं होतं. पक्की सडक पश्चिमेकडून सरकत सरकत निम्म्या वाटेवर आली होती, सडकेवर गाद्यांच्या व्हॅन धावायला लागल्या होत्या, आणि शेजारच्या गावातला एकजण गाणी वाजणारी जीप घेऊन आला होता. फळ्यांवर बसायला आता कोण येणार? सुमार हे सगळ्यांना सांगायचा आणि सगळे माना डोलवायचे.

खरं कारण त्याची सदोरी होती. फार उशिरा झालेली, एकुलती एक, दहा वर्षांची. ती केकड्यात बसली की ओकायची. टेकडी चढताना ओकायची, उतरताना ओकायची. एकदा तालुक्याहून परतल्यावर तिनं बापाला सांगितलं, “बाबा, आत बसलं ना, की वाटतं मला कुणीतरी गिळलंय. बाहेर काय चाललंय तेच कळत नाही.”

ते वाक्य सुमारच्या डोक्यातून गेलं नाही. त्यानं दोन उंट विकले आणि तालुक्याहून वीरजी मेघवारला घेऊन आला. वीरजी पत्राही कापायचा आणि गाद्याही शिवायचा. तो आठवडाभर गावात राहिला. पत्रा कापताना असा काही आवाज निघायचा की शेळ्यांनी दूध चोरलं. त्यानं डब्याच्या दोन्ही अंगांना लाकडी चौकटीत सरकणाऱ्या काचेच्या खिडक्या काढल्या. फळ्या उखडून लाल रेग्झिनच्या जाड गाद्या बसवल्या. छताला आतून जाड कापड लावलं, धरायला कड्या लावल्या, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे पत्र्यात एक छोटा झरोका ठेवला. तो झरोका सदोरीनं मागून घेतला होता, बापाशी बोलायला.

सुमारचा चुलतभाऊ खमीसो गाडीवर क्लीनर होता. साठी उलटलेला, दात निम्मे गेलेले, जीभ मात्र शाबूत. तो गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, “सुमार, केकड्याला चष्मा लावलास. आता सुरमाही घाल.”

“तू टपावरच बस. तुला गादीचं काय?”

“मी टपावरच बसतो रे. आत बसलो तर काचेत माझं तोंड दिसेल, भिऊन मरेन.”

थट्टा इथवर ठीक होती. पण गाडी तयार झाली तेव्हा तिच्यात बसायला एकही बाई आली नाही. गावातले पुरुष ओट्यावर बसून म्हणाले, आमच्या बायका काय दुकानात मांडायच्यात? बायका म्हणाल्या, गादी मऊ आहे बहिणी, पण रस्त्यानं जाणारा येणारा आत बघेल त्याचं काय? सुमारची बायको हाजरां सगळ्यांना सांगत सुटली की पडदे शिवते, चार दिवस द्या. पण नवऱ्यानं दोन उंट घालून गावाची शरम विकत आणली अशा नजरेनं लोक तिच्याकडे बघायचे, आणि तिला ते कळायचं.

सदोरीला कसलीच शरम नव्हती. तिनं डाव्या अंगाची, बापाच्या पाठीमागची खिडकी आपली म्हणून जाहीर केली. “कुणी बसत नाही तर नको बसू दे. मी राहते आत.” आणि ती खरंच रात्री तिथेच झोपायला लागली, लाल गादीवर, काचेतून चांदण्या बघत. उखडलेल्या जुन्या फळ्या वीरजीनं गाडीच्या मागे टेकवून ठेवल्या होत्या, चढायला पायरीसारख्या. त्या फळ्या उचलून टाकायचं सुमारच्या मनात रोज यायचं आणि रोज राहून जायचं. थरमध्ये माणसं उंच बाजेवर झोपतात ती काही हौस म्हणून नव्हे. पण मुलगी गाडीत, गाडी तर बाजेहून उंच, त्याला वाटलं बरंच आहे.

चौथ्या दिवशी, तांबडं फुटायच्याही आधी, सदोरी आपल्या पायानं घरात आली आणि आईच्या बाजेला धरून उभी राहिली.

“आई, पोटात दुखतंय.”

हाजरांनं तिला जवळ घेतलं. ती एकदा ओकली. नेहमीचंच, असं हाजरांला वाटलं. मग तिनं कंदील मोठा केला आणि मुलीचं तोंड बघितलं. पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या.

“झोप येतेय का गं?”

“नाही.” शब्द जड होता, जिभेखाली काहीतरी ठेवल्यासारखा. “उघडत... नाहीत डोळे.”

सुमारची आई कोपऱ्यात झोपली होती, ती उठून बसली. सगळं गाव तिला अम्मांच म्हणायचं. तिनं नातीला कंदिलाखाली ओढलं, हात बघितले, पाय बघितले, मान बघितली. कुठे जखम नाही, रक्त नाही, सूज नाही. मग तिनं मुलीचं तोंड उघडून वास घेतला.

“पीवणो,” ती म्हणाली.

पीवणो म्हणजे तो साप, जो चावत नाही. रात्री झोपलेल्या माणसाच्या छातीवर येऊन बसतो, त्याचा श्वास पिऊन घेतो आणि निघून जातो. माणूस उठतो, बोलतो, पाणी मागतो; आणि सूर्याचा पहिला किरण अंगावर पडला की मरतो. श्वास परत येईपर्यंत ऊन दिसू द्यायचं नाही, हाच एक उपाय. हे थरमध्ये लेकराला चालायच्या आधी कळतं. आणि अम्मांला ते नुसतं ऐकून ठाऊक नव्हतं. तिचा धाकटा भाऊ तिच्या मांडीवर असाच गेला होता, दारातून ऊन आत आलं त्याच घटकेला. तेव्हा ती सदोरीएवढीच होती.

“दवाखान्यात न्या,” अम्मां म्हणाली. “पण अंधारातून न्या. सुमार, ऐकतोयस ना? ऊन लागलं तर दवाखान्यात मढं पोचेल.”

सुमार धावतच बाहेर आला आणि गाडीपाशी येऊन थांबला. आकाश नुसतं राखेच्या रंगाचं झालं होतं, पण तेवढ्यानंही त्या काचा चमकत होत्या. इकडून चार, तिकडून चार. परवापरवापर्यंत ज्या डब्यात दिवसाढवळ्या हात दिसायचा नाही, त्या डब्यात आता आरपार दिसत होतं. आयुष्यभर त्याची गाडी या एका कामाला लायक होती, आणि त्यानंच आठवड्यापूर्वी तिला नालायक करून ठेवली होती.

“हिला गोधडीत गुंडाळू,” खमीसो धापा टाकत आला, “आणि निघू.”

गुंडाळून पाहिली. गोधडी तोंडावर आली तशी सदोरी धडपडली, घशातून घरघर आली, आणि हाजरांनं ती गोधडी हिसकून बाजूला फेकली. “जीव घ्याल तिचा! आधीच श्वास पुरत नाहीये.”

“मग खिडक्या बंद करा,” अम्मां दारातून ओरडली. “आधी खिडक्या!”

सुमारनं वाद घातला नाही. वाद घालायला त्याच्याकडे दुसरं मतच नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं तो या क्षणाशी भांडत राहिला, पण त्या पहाटे त्याच्या मनात अम्मांहून वेगळा विचार आलाच नाही, हे मी त्याच्या वतीनं सांगतो.

झाकायला काय? ताडपत्री मागच्या पडद्याला लागली होती, तेवढीच होती. हाजरां घरात गेली आणि पेटी उघडून गोधड्यांची थप्पी घेऊन आली. सदोरी जन्मली तेव्हापासून ती एकेक शिवत होती. लाल, काळ्या, पिवळ्या तुकड्यांच्या, बारीक टाक्यांच्या, मुलीच्या लग्नात द्यायच्या. त्यातल्या एकीवरही अजून कुणी पाठ टेकली नव्हती. तिनं त्या वाळूत टाकल्या आणि म्हणाली, “ठोका.”

खमीसोनं खिळे आणले, गोधडी फाटू नये म्हणून खिळ्याखाली सोड्याच्या बाटल्यांची बुचं. बाहेरून घाव घातला की चौकटीचं नवं लाकूड दणदणायचं. एक खिडकी झाली की अम्मां आत शिरून बघायची, कुठून फट दिसते, आणि ओरडायची, “इथे! इथे अजून उजेड आहे!” मग ती फट चिंध्यांनी बुजवायची. मग पुढची खिडकी. राख रंगाचं आकाश पांढरं झालं. सुमार मध्येच वर बघायचा आणि हातोडी बोटावर पडायची.

सदोरीला बाहेर बाजेवर निजवली होती. पापण्यांच्या फटीतून तिला दिसत असावं. सुमार डाव्या अंगाच्या खिडकीशी आला तेव्हा तिचा हात उचलल्यासारखा झाला.

“माझी... नको,” ती म्हणाली. शेवटचा शब्द नीट आलाच नाही.

“परत उघडतो राणी. लगेच उघडतो.” त्यानं ती खिडकी दुसऱ्या कुणाला ठोकू दिली नाही. स्वतः ठोकली, झरोकाही बुजवला, आणि तो रडत होता हे त्यानं लपवलं नाही.

सगळं झालं तेव्हा पूर्वेच्या टेकडीचा माथा पिवळा झाला होता. अम्मां आणि हाजरां सदोरीला घेऊन त्या काळोखात शिरल्या, ताडपत्री बांधली गेली, खमीसो फळ्या घेऊन टपावर चढला आणि केकडा निघाला.

वाट पश्चिमेची. सूर्य पाठीमागून वर येत होता. सुमारनं आयुष्यात कधी हाकली नव्हती तशी गाडी हाकली. पहिली टेकडी गेली, दुसरी गेली. आणि तिसरीच्या चढावर त्याच्या मनात एक हिशेब आपोआप जुळला, त्यानं जुळवला नव्हता. सदोरी घरात आली तेव्हा अंधार होता. त्याच अंधारात तिला उचलून गाडीत घातली असती, तर जेवढा वेळ खिळे ठोकण्यात गेला तेवढ्यात ती अंधारातूनच सडकेला लागली असती. सूर्य उगवायच्या आधी. काचा असल्या काय आणि नसल्या काय, रात्रीला कुठली खिडकी!

त्यानं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. गाडी तिरपी झाली आणि मागची चाकं वाळूत बसली.

“झोपलास का काय?” खमीसो टपावरून उडी मारत ओरडला. साठीच्या माणसानं मारू नये तशी उडी. त्यानं चाकाखाली फळ्या सरकवल्या. “घे! हळू घे! हळू रे बाबा, आईला विहिरीतून काढल्यासारखी घे!” गाडी निघाली, खमीसो मागून फळ्या घेऊन धावला, पुन्हा बसली, पुन्हा फळ्या.

तेवढ्यात पाठीमागच्या पत्र्यावर मुठी बडवल्याचा आवाज आला. हाजरांच्या मुठी.

सुमार उतरून मागे गेला आणि ताडपत्रीच्या कडेनं, ऊन आत जाऊ न देता, अंग चोरून आत शिरला. आत भट्टी होती. नवं रेग्झिन आणि चिकटवायचा गोंद तापून असा काही वास सुटला होता की डोळ्यांत पाणी यावं. काहीच दिसत नव्हतं.

“बोलत नाहीये ती,” हाजरां अंधारातून म्हणाली. “मी हाक मारते, बोलत नाहीये. श्वास घेतेय की नाही तेही कळत नाही. मला दिसत नाहीये सुमार, मला माझी मुलगी दिसत नाहीये!”

त्यानं हात पुढे केला. मुलीचा चेहरा सापडला. ओला होता. घशातून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता, मध्येच थांबत होता.

मग सुमारनं ते केलं, जे त्याला अजूनही नीट सांगता येत नाही. तो वळला, हातानं चाचपत डाव्या अंगाच्या खिडकीशी गेला आणि काच सरकवून बाहेरच्या गोधडीत बोटं घालून ती आत खेचली. बुचं उडाली, खिळे उडाले.

“ऊन!” अम्मां किंचाळली आणि नातीवर पालथी पडली. “ऊन रे मेल्या!”

“ऊन नाही अम्मां. सूर्य तिकडं मागं आहे. ही सावलीची बाजू आहे. नुसता उजेड आहे.”

“दोघं एकाच घरचे!”

पण वारा आत आला होता. आणि उजेडही. त्या उजेडात हाजरांनं मुलीचं तोंड बघितलं. सदोरीचे ओठ निळे पडले होते आणि तोंड लाळेनं भरलं होतं. ती गिळतच नव्हती. स्वतःच्या लाळेत बुडत होती, आणि तिची आई तिला मांडीवर घेऊन अंधारात बसली होती. हाजरांनं तिला झटकन कुशीवर वळवलं, ओढणीचं टोक तोंडात घालून आत असेल नसेल ते बाहेर काढलं. एकदा, दोनदा. सदोरीच्या छातीतून एक लांब, फाटका श्वास आला.

“चालव,” हाजरां म्हणाली. “चालव गाडी. ही खिडकी कुणी बंद केली तर हात तोडीन.”

अम्मां उठून खिडकी आणि मुलगी यांच्यामध्ये बसली, पाठ बाहेरच्या जगाकडे करून, उजेड नातीच्या चेहऱ्यावर थेट पडणार नाही अशी. वारा तिच्या दोन्ही बाजूंनी आत येत राहिला. सडक लागेपर्यंत ती तशीच बसली होती.

तालुक्याच्या इस्पितळात डॉक्टर नंदलाल होते. रात्रपाळी संपवून घरी निघालेले, चपला हातात. त्यांनी सदोरीची पापणी वर केली, सोडली, ती तशीच गळून पडली. त्यांनी चपला टाकल्या.

“कधी चावला?”

“चावला नाही सांईं. पीवणो आहे,” सुमार म्हणाला.

“चावलाय. दात सुईएवढे असतात त्याचे, खूण दिसत नाही.” त्यांचं लक्ष बोलण्याकडे नव्हतंच, ते नळी उचलत होते. “किती वाजता?”

कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी इंजेक्शनं दिली, मुलीच्या घशात नळी घातली, नळीला एक रबरी फुगा जोडला, पपईएवढा, आणि तो दाबला. सदोरीची छाती वर आली. सोडला, खाली गेली. ओठांचा निळा रंग हळूहळू निवळला.

“श्वास घ्यायचं यंत्र इथे नाही,” डॉक्टर म्हणाले. “मोठ्या शहरापर्यंत ही टिकणार नाही. तेव्हा यंत्र तुम्ही. हे असं दाबायचं. जोरात नाही, घाईत नाही. आपण श्वास घेतो त्या चालीत. थांबायचं नाही. पाणी प्यायला नाही, नमाजाला नाही, कशालाच नाही. दुसऱ्यानं फुगा हातात घेतल्याशिवाय पहिल्यानं सोडायचा नाही.”

“किती वेळ?”

“विष उतरेपर्यंत. आज, उद्या, परवा. मला माहीत नाही.” मग ते जरा थांबले. “आणि एक. ही झोपलेली नाही. शरीर हलत नाही एवढंच. तिला सगळं ऐकू येतंय. रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडा.”

सुमारनं फुगा हातात घेतला. त्याच्या गावात साप श्वास पितो असं म्हणत, आणि आता त्याच्या हातात ते उलटं काम आलं होतं. दाब, सोड. दाब, सोड. अम्मांनं आल्या आल्या खोलीच्या खिडकीवर गोधडी टांगली होती, तीच डावीकडची, बुचांनी भोकं पडलेली. डॉक्टरांनी बघितलं आणि ती तशीच राहू दिली.

दिवसभर तिघांनी पाळ्या केल्या. खमीसोचा हात लवकर थकायचा. तो दाबता दाबता सदोरीशी बोलायचा. “ऐक पोरी. तू उठलीस ना, की मी टपावरून उतरून तुझ्या खिडकीत बसेन. तू टपावर बस. तुला कळेल तिथे वारा कसा लागतो, डोक्यावरचा फेटा पार हैदराबादला जातो.” पाळी संपली की तो व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. हाजरां बोलायची नाही. ती नुसती दाबायची, डोळे मुलीच्या छातीवर ठेवून, आणि तिची चाल कधी चुकली नाही. सुमारच बोलायचा, पण त्याला रस्त्याशिवाय दुसरं काही बोलता येत नव्हतं. आता पहिली टेकडी आली. आता खेजडीचं झाड आलं, ते वाकडं. आता मोर दिसले बघ. असं करत त्यानं तिला काचेतून दिसलं असतं ते सगळं दाखवलं.

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. काही फरक नव्हता. फरक नसणं हीसुद्धा चांगलीच गोष्ट आहे, असं काहीसं ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं नाही.

रात्री वीज गेली. उकाड्यानं भिंती ओल्या झाल्या. नर्स कंदील घेऊन आली आणि तिनं खिडकीवरची गोधडी काढून बाजूला टाकली. “वारा येऊ दे. मला हिचा रंग दिसायला हवा.” रात्रच होती, ऊन कुठलं, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. अम्मां खाली केकड्यात जाऊन पडली होती. हाजरां आपली पाळी संपवून उठली आणि दोन पावलांवर भिंतीशी कोसळली, तिथेच फरशीवर झोप लागली तिला. खमीसो चहा शोधायला गेला.

सुमारच्या बोटांना आता काही जाणवत नव्हतं. ती त्याची बोटं नव्हती. दाब, सोड. त्याच्या गोष्टी संपल्या होत्या. तो नुसतं म्हणत होता, मी आहे, मी आहे. आणि मग त्याच्या लक्षात आलं की त्याला सदोरीच्या भुवया दिसताहेत. कंदील तर केव्हाच विझला होता.

त्यानं मान वळवली. खिडकी पूर्वेची होती. समोरच्या घराच्या कठड्यावर पिवळी रेघ उमटली होती.

“हाजरां!” तो ओरडला. ती हलली नाही. “हाजरां! अगं गोधडी! खमीसो! कुणी आहे का?”

व्हरांड्यात कुणीतरी खोकलं, आलं नाही. गोधडी खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात पडली होती. त्यानं पाय लांबवला, पोचला नाही. ऊन खिडकीच्या चौकटीत आलं. भिंतीवर आलं. खाटेच्या लोखंडी कठड्यावर आलं. त्यानं स्वतःचं अंग आड घातलं, खिडकी आणि मुलगी यांच्यामध्ये वाकला, अम्मां बसली होती तसा. सावली तिच्या चेहऱ्यावर पडली. पण नळी आखूड होती. वाकल्यावर मनगट वळेना, फुगा पुरा दाबला जाईना. छाती निम्मीच वर आली. पुन्हा निम्मीच. ओठांच्या कडेला तो निळा रंग परत आला, बघता बघता.

सावली द्यायची की श्वास? दोन्ही देता येत नव्हते. या घटकेला त्याच्या मनात डॉक्टर नव्हते. तिथे अम्मां होती आणि तिच्या मांडीवरचा तो न पाहिलेला मामा होता. ऊन पडलं तर मुलगी मरेल यावर त्याचा अजूनही पूर्ण विश्वास होता. फक्त ती निळी होत होती, आणि ते त्याला दिसत होतं.

सुमार सरळ झाला.

ऊन सदोरीच्या हनुवटीवर आलं. ओठांवर आलं. मिटलेल्या डोळ्यांवर आलं. त्यानं आपले डोळे घट्ट मिटून घेतले. “सदोरी,” तो म्हणाला, “ही तुझी खिडकी आहे गं. डावीकडची. बघ, उघडली. उघडतो म्हणालो होतो ना.” आवाज त्याचा नव्हता. दाब, सोड. तो वाट बघत होता, हातातल्या हातात ती कधी जाते याची. दाब, सोड.

मग फुगा दाबला गेला नाही.

त्यानं पुन्हा दाबला. आतून कुणीतरी उलट ढकललं, हलकंच. त्याला वाटलं नळी अडकली. झालं, संपलं, असं वाटलं. भीतीनं त्याची बोटं सैल पडली आणि डोळे उघडले. समोर भर उन्हात सदोरीची छाती वर येत होती. त्यानं दाबायच्या आधी. थोडीशी, वाकडीतिकडी, केकडा टेकडी चढतो तशी. पण आपली आपण.

त्यानं हाजरांला हाक मारली. काय मारली ते त्याला आठवत नाही. हाक नव्हतीच ती. हाजरां धडपडत उठली, तिनं मुलीच्या तोंडावरचं ऊन बघितलं, किंकाळी फोडली आणि गोधडी उचलून खिडकीकडे धावली.

“नको,” सुमार म्हणाला. फुगा त्याच्या हातात होता, आणि तो आता तिच्या चालीनं दाबत होता. “नको गं, राहू दे उघडी. तिला बाहेर बघायचंय.”